कधी येतो आवाज?

येवल्यातल्या एका जुन्या सायकल दुकानात गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "मिस्त्री, बीबीतून कर्रकर्र आवाज येतोय." मिस्त्री वाकून बीबी, म्हणजे दोन पायडलांमधला एक्सल जिथे फिरतो तो डबा, बघत नाहीत. ते विचारतात, "कुठून येतो ते राहू द्या. कधी येतो?"

गिऱ्हाईक गोंधळतं. कधी म्हणजे काय, सायकल चालवली की येतो! मग एकेक प्रश्न निघतो. पायडल मारतानाच येतो, की पाय थांबवून सायकल नुसती पळू दिली तरी येतो? पायडलच्या एका फेऱ्यात एकदा येतो की दोनदा? सीटवरून उठून मारलं तर राहतो की जातो? चढाला वाढतो का? मागे कुणी बसलं की? सकाळी जास्त की उन्हं तापल्यावर? मध्यंतरी पाऊस झाला तेव्हा एक-दोन दिवस बंद होता का? अशी पाच-सात मिनिटं जातात. तोवर पाना पेटीतच असतो.

बघणाऱ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. दुकानाबाहेर पंक्चरच्या दोन सायकली टेकवलेल्या असतात, कुणाला हवा भरून निघायची घाई असते. पण मिस्त्रींची जवळजवळ चाळीस वर्षं या कामात गेली आहेत, आणि सायकल खोलण्याआधीची ही पाच-सात मिनिटं त्यांनी गर्दीच्या दिवशीसुद्धा कधी वाचवली नाहीत.

ही सवय त्यांना एका चुकीनं लावली. धंद्याला लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपली काळी, बावीस इंची, रॉडब्रेकची सायकल घेऊन आले. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कर्र’ असा आवाज येत होता. गुरुजींनी बोट दाखवलं ते बीबीकडे. मिस्त्रींनी कान लावला, तर खरंच तिथूनच येतोय असं वाटलं. वाट्या काढल्या, छर्रे नवे भरले, आवाज तसाच. एक्सल बदलला, तसाच. दोन्ही कॉटर पिना नव्या ठोकल्या, तसाच. चौथ्या दिवशी गुरुजींनी काही न बोलता पैसे ठेवले आणि सायकल घेऊन गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना कितीतरी दिवस वाटत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात गुरुजी दुकानासमोरून चालले होते. समोरून बैलगाडी आली म्हणून ते सीटवरून उठले, जोरानं पायडल मारत कडेनं पुढे निघाले, आणि तेवढे आठ-दहा फेरे सायकल गप्प होती. पुन्हा बसले आणि पुन्हा ‘कर्र’. मिस्त्री हातातलं काम टाकून मागे धावले. आवाज सीटचा होता. चामड्याच्या सीटखालच्या स्प्रिंगा जिथे क्लिपला जोडलेल्या असतात, तिथला नट अर्ध्या आट्यानं ढिला झाला होता. पायडल मारताना माणसाची कंबर डावी-उजवीकडे झुलते. त्या झुलण्यासरशी स्प्रिंग क्लिपवर घासायची, आणि कंबर पायाच्या तालात झुलत असल्यामुळे आवाजही पायडलच्या तालात यायचा. तेलाचा एक थेंब आणि पान्याचा अर्धा फेरा, एवढंच काम होतं. विनाकारण बदललेल्या सामानाचे पैसे मिस्त्रींनी त्या संध्याकाळी गुरुजींच्या घरी नेऊन दिले.

सायकल अशी फसवते त्याला कारण आहे. फ्रेम म्हणजे पोलादाच्या पोकळ नळ्या. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पोलादात तो सुमारे ५,००० मीटर जातो. सीटखाली झालेली बारीकशी घासाघीस नळीतून खाली उतरते, हँडलपाशी झालेली दुसऱ्या नळीतून येते, मागच्या चाकापाशी झालेली चिमट्यातून पुढे येते. या सगळ्या नळ्या मिळतात कुठे, तर बीबीच्या डब्यापाशी. बसणाऱ्याचे कान वर, पाय खाली फिरतायत, जोर पायांचा. त्यामुळे जो तो बोट दाखवतो ते बीबीकडेच. मिस्त्रींचा अनुभव असा की बीबीचं नाव घेऊन आलेल्या सायकलींपैकी बऱ्याच सायकलींची बीबी निर्दोष निघते.

आणि कुरकुर म्हणजे तरी काय? दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून बसलेले असतात. जोर आला की क्षणभर चिकटून राहतात, मग एकदम सरकतात, परत चिकटतात, परत सरकतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवरून ओढला की हेच घडतं. जुन्या वाड्याचा दरवाजा असाच बोलतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची पद्धत याच्यासाठीच: वंगण मध्ये आलं की चिकटणं-सरकणं थांबून पृष्ठभाग एकसारखे सरकू लागतात. पावसाबद्दलचा प्रश्नही इथूनच येतो. भिजलेल्या सायकलीचा आवाज दोन दिवस बंद झाला आणि उन्हानं परत आला, तर तो कोरड्या घासण्याचा आवाज असतो, कारण पाणी तेवढ्यापुरतं वंगणाचं काम करतं. पावसातही तसाच वाजत राहिला, तर कुठेतरी काहीतरी सैल आहे आणि आपटतंय.

म्हणून जागा सापडण्याआधी तेल टाकायला मिस्त्रींचा ठाम विरोध असतो. लोक घरी तेलाची बाटली घेऊन दिसेल त्या फटीत तेल सोडतात. आवाज दोन दिवस दबतो, खूण पुसली जाते, आणि येवल्याच्या पूर्वेकडची बारीक धूळ त्या तेलावर बसून कुरुंदाच्या कागदासारखी काम करायला लागते. "सरळ ओव्हरऑईल करून टाका" असं सांगणारेही भेटतात. इंग्रजी ‘ओव्हरहॉल’चं आपल्याकडे कधी ओव्हरऑईल झालं कोण जाणे, पण शब्दात तेल आलं आणि लोकांच्या मनातही तेलच बसलं. सगळी सायकल खोलून, रॉकेलमध्ये धुऊन, परत जोडली की आवाज बहुतेक वेळा जातो, हे खरं. पण तो कशानं येत होता ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

मिस्त्रींचा कान तयार झाला तो दुकानात नाही, घरात. घर विणकराचं. पैठणीचं येवलं आता सगळ्यांना ठाऊक आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या गावात वाढलेल्या माणसाला पैठणी आधी ऐकू येते, मग दिसते. पावडी दाबली की ताणा उघडतो, धोटा इकडून तिकडे जातो, फणी येऊन धागा ठोकते. ठक्. परत पावडी, परत धोटा, परत ठक्. शेजारच्या खोलीत पाढे पाठ करत बसलेल्या पोराला मागाकडे न बघता कळायचं की वडिलांचा हात आता साध्या अंगावर आहे की पदराच्या मोरावर, कारण नक्षीला ठोके लांब अंतरानं पडतात. धागा तुटला की ताल मोडायचा, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं हो?" कुणी कुणाला हे ऐकायला शिकवलं नव्हतं.

आजही त्यांच्या गिऱ्हाइकांत आवाज सगळ्यांत नेमका सांगणारे म्हणजे विणकर. बंगळूरहून आलेलं रेशीम आणि सुरतेहून आलेली जर मागापर्यंत पोचवायला गल्लीबोळांत सायकल अजून सोयीची पडते. असाच एक म्हातारा विणकर एकदा म्हणाला, "मिस्त्री, फणी बसल्यासारखा येतो. एक ठोका जड, एक हलका." एवढ्यावर मिस्त्रींनी सायकल उताणी केली आणि डाव्या क्रँकला हात घातला. जड-हलका असा जोडठोका म्हणजे कॉटर पिन.

जुन्या धाटणीच्या सायकलीत क्रँक एक्सलवर धरून ठेवते ती ही एक निमुळती, एका बाजूनं सपाट केलेली पिन. तिचा सपाट भाग झिजला की क्रँक एक्सलवर केसभर हलायला लागते. पाय वरून खाली जाताना जोर एका बाजूला, खालून वर येताना तो सुटतो, आणि प्रत्येक फेऱ्यात ती केसभर सैल जागा दोनदा पार होते. एकदा पायाच्या पूर्ण जोरानं, एकदा नुसत्या वजनानं. म्हणून एक ठोका जड, एक हलका. पिन बदलायला वेळ लागत नाही, नीट बसवायला लागतो. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसल्या पाहिजेत, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत. सपाट बाजू कानशीनं घासून एक्सलच्या खाचेला अंगभर लागेल अशी करायची. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यायचा, म्हणजे हातोडीचा मार बीबीच्या छर्ऱ्यांवर जात नाही. आणि नट आवळून पिन ओढायची नाही. पिन हातोडीनं बसते. बसलेली पिन सुटू नये एवढंच नटाचं काम. घाईतला माणूस पाना मारतो, आटे जातात, आणि आठवड्यानं आवाज परत. नवी पिन घातलेल्या गिऱ्हाइकाला मिस्त्री दोन दिवसांनी परत बोलावतात, दोन ठोके मारतात आणि नट अजून थोडा आवळतात. त्याचे पैसे नाहीत.

मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत ही या धंद्यातली मोठीच सोय. लोक नकळत अचूक शब्द वापरतात, ऐकणाऱ्यानं तो सुटू द्यायचा नाही. ‘कुरकुर’ म्हणजे दोन कोरडे भाग जोराखाली घासतायत. ‘टकटक’ म्हणजे सैल जागा आहे. ‘खडखड’ बहुतेक वेळा मडगार्डची, चेनकव्हरची नाहीतर कॅरिअरची, म्हणजे बाहेरच्या पत्र्याची. तिच्यात धोका कमी, त्रास जास्त. ‘घरघर’ ऐकली की मिस्त्रींचा चेहरा बदलतो. छर्रे कोरडे पडून वाटीला खड्डे पडले असतील तर नुसतं ग्रीस भरून भागत नाही, वाटी आणि कोन बदलावे लागतात. ‘चूं चूं’ म्हणजे चेन तेल मागतेय. ‘घस्... घस्’ थांबून थांबून आली तर चाक आऊट झालंय आणि एका जागी ब्रेकच्या गुटक्याला लागतंय. ‘खुळखुळ’ बऱ्याचदा रिमच्या पोकळीत पडलेल्या निपलच्या तुकड्याची असते. चाकाचा आऊट काढून, नव्या तारा भरून सायकल परत दिली की पहिल्या पंचवीस-तीस पावलांत ‘टिंग टिंग’ येते. आवळताना पिळलेल्या तारा तेव्हा आपापला पीळ सोडत असतात. त्या आवाजानं घाबरून लोक अर्ध्या रस्त्यातून परत येतात. मिस्त्री आता आधीच सांगून ठेवतात.

शब्दानं अर्धं काम होतं, उरलेलं मोजणीनं. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे चाकात काही असेल तर आवाज सव्वादोन मीटरला एकदा, आणि पायडल, क्रँक किंवा बीबीत असेल तर साधारण साडेपाच मीटरला एकदा. चेनचं गणित याहून वेगळं. चेनला ११२ कड्या असतील तर ती पूर्ण एकदा फिरायला पायडलचे अडीचहून थोडे जास्त फेरे लागतात, म्हणजे रस्त्यावर चौदा मीटर. त्यामुळे एखादी कडी गंजून ताठ झाली असेल तर आवाज ना चाकाशी जुळतो, ना पायाशी. ‘मधूनच येतो, कधीही येतो’ अशी तक्रार आली की मिस्त्री चेनच्या एका कडीला लाल दोरा बांधतात, टायरवर खडूची रेघ ओढतात आणि सायकल स्टँडवर लावून हळूहळू पायडल फिरवतात. आवाज झाला त्या क्षणी दोरा कुठे होता आणि रेघ कुठे होती, हे बघत राहायचं. तीन-चार वेळा दोरा त्याच ठिकाणी आला की कडी सापडली. चेन वाढली आहे का हेही असंच मोजून बघता येतं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेवढ्याच कड्या आठवा भाग इंच जास्त भरायला लागल्या की चेनचं आयुष्य संपलं. मात्र झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली तर ती जोर आला की दात्यांवरून ‘कट्ट’ करून उडी मारते, म्हणून आधी दाते बघायचे.

स्टँडवर न येणारे आवाज सगळ्यांत चिवट. चाकावर वजन नसतं, हँडलवर हात नसतात. मग मिस्त्री लांब पेचकसाचं टोक हबवर नाहीतर बीबीवर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि पोऱ्याला चाक फिरवायला सांगतात. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. गॅरेजवाल्यांचा पेचकस त्याच जातीचा. चांगला छर्रा कानाला एकसारख्या वाऱ्यासारखा लागतो. खड्डा पडलेला असेल तर वाळूतून चालल्यासारखं ऐकू येतं.

येवल्यात संक्रांतीच्या आगेमागे या दुकानात एक वेगळाच आजार येतो. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस गावातली गच्ची अन् गच्ची भरलेली असते, हलकडी वाजत असते, हाताहातात दोरा गुंडाळायच्या बांबूच्या आसाऱ्या फिरत असतात. आणि कापलेल्या पतंगांचा दोरा तारांवर, झाडांवर, रस्त्यांवर पसरतो. तो चालत्या सायकलीच्या चाकात गुंडाळला जातो, आणि मग हबच्या झाकणाच्या फटीतून आत शिरून कोनाभोवती आवळत जातो. आधी काहीच कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ‘सुर्र सुर्र’ असा बारीक आवाज सुरू होतो, चाक जड होतं, आणि दोरा ग्रीस पुसून बाहेर काढत असल्यामुळे हबच्या तोंडाशी काळा ओघळ दिसायला लागतो. मिस्त्री पतंगाच्या गावातले, त्यामुळे जानेवारीच्या उत्तरार्धात ‘सुर्र’ शब्द ऐकला की पहिला हात हबच्या तोंडाशी जातो. सुती दोरा चिमट्यानं निघतो. नायलॉन मांजा आत घट्ट बसतो आणि हब पूर्ण खोलावाच लागतो. त्याच मांजानं माणसांचे आणि पक्ष्यांचे गळे कापले जातात, त्याच्यावर बंदी आहे, तरी दरवर्षी दोन-तीन हबांतून तो निघतोच, आणि काढताना मिस्त्रींचे ओठ घट्ट मिटलेले असतात.

त्याच दिवसांतली दुसरी तक्रार आवाज नसल्याची असते. शेजारच्या निफाडची थंडी बातम्यांत येते तेव्हा येवल्यातही पहाटे हात बधिर होतात. एक दूधवाला अशाच पहाटेनंतर आला आणि म्हणाला, "काल संध्याकाळपर्यंत मागून टिकटिक यायची, आज सकाळपासून एकदम शांत. आणि मिस्त्री, पायडल मधेच रिकामं फिरतंय." पाय थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी ती टिकटिक फ्रीव्हीलच्या आतल्या दोन कुत्र्यांची असते. बारीक स्प्रिंगनं ते वर उचललेले राहतात, पुढे जोर लावला की दात्यात अडकतात, पाय थांबला की दात्यांवरून घसरत टिकटिक करतात. कुणीतरी या फ्रीव्हीलमध्ये आवाज बंद व्हावा म्हणून ग्रीस भरलं होतं. थंडीनं ते घट्ट झालं, स्प्रिंगचं बळ पुरेना, कुत्रे खालीच चिकटून बसले. दुधाच्या कॅनींसह भर चौकात पायडल रिकामं फिरलं असतं तर माणूस तोंडावर आला असता. मिस्त्रींनी फ्रीव्हील रॉकेलनं आतून धुतलं, पातळ तेलाचे चार थेंब टाकले, चाक फिरवलं. टिकटिक परत आली. दूधवाल्याला ते म्हणाले, "हा आवाज राहू द्यायचा."

नवी पिढी वेगळ्या सायकली घेऊन येते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नाशिकमध्येच राहणारे लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. जिल्ह्यात तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला असाच एक तरुण सकाळी दुकानापाशी थांबला. कार्बनची फ्रेम, हातावर उचलावी इतकी हलकी. जोर लावला की खालून कुरकुर. शहरातल्या एका दुकानात बीबी दोनदा खोलून झाली होती. मिस्त्रींनी असली बीबी कधी उघडली नव्हती, आणि उघडणार नाही हे त्यांनी सांगूनच टाकलं. पण प्रश्न तेच विचारले. उठून मारलं तरी येतो? येतो. पाय थांबवले की? नाही. हात सोडले तर? तरी येतो. म्हणजे सीट नव्हे, हँडल नव्हे. जोराच्या वाटेवरचं काहीतरी. पायडल, चेन आणि मग मागचं चाक फ्रेममध्ये जिथे बसतं ती जागा. त्या सायकलीचं मागचं चाक खटका उघडून निघणारं होतं. चाक काढलं, तर एक्सलची टोकं आणि फ्रेमच्या खाचा यांच्यामध्ये वाळलेला चिखल आणि धूळ. दोन्ही पुसली, बोटानं ग्रीसचा हलका हात दिला, खटका नीट दाबून बसवला. तरुण चौफुलीपर्यंत जाऊन आला, आणि उतरल्यावर बराच वेळ काही बोललाच नाही.

मिस्त्रींच्या पेटीत एका डबीत एक तुटलेला एक्सल आहे. साडेनऊ मिलिमीटर जाडीचा, दोन तुकडे. तो एका शाळकरी मुलीच्या सायकलीचा. ती अंदरसूलच्या बाजूच्या एका वस्तीवरून येवल्याला शाळेत यायची. तिची तक्रार अशी, की शाळेत जाताना मागून ‘कट् कट्’ येतं आणि घरी येताना येत नाही. वडिलांनी दोनदा चालवून बघितली, काही नाही. "पोरीला भास होतायत," असं म्हणतच ते तिला दुकानात घेऊन आले. मिस्त्रींनीही चालवून बघितली, काही नाही. इथे दुसऱ्या कुणी हवा भरून सायकल परत दिली असती. मिस्त्रींनी मुलीलाच विचारलं, "जाताना आणि येताना काय वेगळं असतं, बाळा?" तिनं सांगितलं की रस्ता तोच, दप्तर तेच. मग थोडं थांबून म्हणाली, जाताना धाकटा भाऊ मागे बसतो. त्याची शाळा लवकर सुटते म्हणून येताना ती एकटीच असते.

भावाला बोलावून कॅरिअरवर बसवलं. मिस्त्रींनी मागचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल पुढे-मागे केली. कट्. चाक काढलं तेव्हा एक्सल दोन तुकड्यांत हातात आला. फ्रीव्हीलच्या बाजूचा कोन आणि फ्रेम यांच्यामध्ये एक्सलला बरंच अंतर आधाराशिवाय जावं लागतं, आणि मागे वजन पडलं की तो तिथेच वाकतो. हजारो वेळा वाकून बारीक चीर पडते आणि ती हळूहळू सरकत जाते. तुटलेल्या तोंडाचा बहुतेक भाग गंजून काळपट पडला होता, कडेची एक चंद्रकोर तेवढी चकचकीत होती. काळपट भाग जुन्या चिरेचा, चकचकीत भाग शेवटी एकदम तुटल्याचा. त्यानंतर चाक नुसतं दोन्ही बाजूंच्या नटांच्या पकडीवर तग धरून होतं, आणि दोन भावंडं त्यावर रोज हमरस्त्यानं शाळेत येत होती. वडिलांनी ते दोन तुकडे हातात घेतले, चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला, आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

नवा एक्सल टाकून, कोन जुळवून, मिस्त्रींनी भावाला मागे बसवलं आणि स्वतः तीन चकरा मारून आले. मग सायकल तिच्या हातात दिली.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती मुलगी एकटीच दुकानात आली. सायकल स्टँडवर लावून म्हणाली, "मिस्त्रीकाका, टकटक येतंय. फक्त डावा पाय खाली जाताना, एका फेऱ्यात एकदा. उठून मारलं तरी येतं, पाय थांबवले की नाही. भाऊ मागे असला नसला तरी तेवढंच. आणि पावसात भिजले तरी थांबलं नव्हतं."

मिस्त्रींनी एकही प्रश्न विचारला नाही. पेटीतून पायडलचा पाना काढून तिच्यापुढे धरला. "डावं पायडल ढिलं झालंय. त्या बाजूचे आटे उलटे असतात हं, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळ."